भक्तिविभ्रम : छिन्नमनस्कतेतील हरवलेली गोडी आणि वैद्याचे कर्तव्य

आषाढात कोयनानगरच्या चिकित्सालयात येणारे रुग्ण बहुधा ठरलेले असतात. आमवात, कास, श्वास, ज्वर आणि भातलावणीच्या चिखलाने पायांना झालेल्या चिखल्या. अशाच एका दुपारी शिवसागर जलाशयाच्या काठावरील एका गावातून एक माता आपल्या सव्वीस वर्षांच्या मुलाला घेऊन आली. (रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील आम्ही बदलले आहेत.) मुलगा बाकावर टेकून बसला, तो उठेपर्यंत हलला नाही. प्रश्न विचारला की एका शब्दाचे उत्तर, तेही जमिनीकडे पाहून. पूर्वी हा गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवीत असे. पुढे मुंबईस नोकरीला गेला. तेथे दुसऱ्या वर्षी त्याच्या कानात आवाज येऊ लागले, सोबतचे लोक डब्यात विष घालतात असे त्यास वाटू लागले. मोठ्या रुग्णालयात छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया, असे निदान होऊन गोळ्या सुरू झाल्या. आवाज थांबले. नातेवाइकांनी त्यास गावी आणून सोडले.

माता म्हणाली, “आवाज गेलं डॉक्टर, पर पोरगंबी त्यांच्यासंगं गेल्यावानी झालंया. खातंय, पितंय, पर कशातबी गोडी न्हाई.”

या एका वाक्यात तिने जे सांगितले ते समजून घेण्यास आम्हांस पुढे पुष्कळ दिवस लागले. त्या वेळी आम्ही नाडी पाहिली, जिव्हा पाहिली, कफाचे आवरण आणि अग्निमांद्य असा निर्णय केला. दीपन-पाचन, नस्य, ब्राह्मी आणि सारस्वतारिष्ट अशी योजना पाच महिने चालली. भूक किंचित सुधारली, बाकी काहीही बदलले नाही. शेवटी आमचाच धीर सुटला आणि तरुण माणसाने असे बसून राहणे शोभत नाही, असे आम्ही त्यास आईदेखत सुनावले. त्यानंतर तो आला नाही. दोन महिन्यांनी कळले की त्याचे आवाज परतले असून त्यास कराडला दाखल केले आहे. शहरातील गोळ्यांनीच पोर सुस्त झाले, असा समज करून घेऊन मातेने त्या बंद केल्या होत्या. गोळ्या बंद करा असे आम्ही सांगितले नव्हते. पण चालू ठेवा असेही सांगितले नव्हते, आणि घेतो की नाही हेही एकदासुद्धा विचारले नव्हते.

आमच्या व्यवसायबंधूंपुढे ही चूक मांडताना संकोच वाटतो. परंतु असे रुग्ण आपल्या सर्वांकडेच येतात आणि ते नेमके या अवस्थेतच येतात. आवाज, संशय, आरडाओरडा असतो तेव्हा घरचे लोक मांत्रिकाकडे किंवा मोठ्या रुग्णालयात धावतात. वादळ शमून घर सुने झाले की आपले दार आठवते.

ग्रंथात ही अवस्था नाही असे कोणी म्हणू नये. चरकाचार्यांनी उन्मादाचे लक्षण करताना ज्या आठ भावांचा विभ्रम सांगितला, त्यांत मन, बुद्धी, संज्ञाज्ञान आणि स्मृती यांच्यानंतर भक्ती येते. भक्ती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पंढरीची वाट येते. चक्रपाणींनी मात्र येथे भक्ती म्हणजे इच्छा असा अर्थ दिला आहे, आणि जेथे पूर्वी इच्छा होती तेथे ती न राहणे हे भक्तिविभ्रमाचे स्वरूप सांगितले आहे. आम्ही विद्यार्थिदशेत हा भाग परीक्षेपुरता पाठ केला होता. निदानस्थानातील कफज उन्मादाची लक्षणेही या दृष्टीने पुन्हा वाचावीत. एका जागी बसून राहणे, मौन, अल्प चंक्रमण, अन्नाची अनिच्छा, एकांताची आवड, शौचद्वेष, निद्राधिक्य. आधुनिक मनोविकारशास्त्र ज्यांना ऋण लक्षणे म्हणते त्यांच्याशी हे वर्णन पुष्कळ जुळते. तथापि कफज उन्माद म्हणजेच छिन्नमनस्कता असे समीकरण मांडण्याची घाई करू नये. तीच घाई आम्ही केली होती.

सुखाचा अनुभव हरपणे यास पाश्चात्त्य शास्त्रात अॅनहेडोनिया म्हणतात. थिओड्यूल रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने ही संज्ञा १८९६ साली घडविली. पुढे दीर्घकाळ असे मानले गेले की छिन्नमनस्कतेच्या रुग्णास आनंद चाखण्याची शक्तीच उरत नाही. गेल्या काही दशकांतील संशोधनाने या समजुतीस तडा दिला आहे. अमेरिकेतील अॅन क्रिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की सुखद चित्र, चित्रफीत वा चवदार पदार्थ प्रत्यक्ष समोर आला असता या रुग्णांपैकी अनेकांना होणारा आनंद निरोगी माणसाच्या आनंदाहून फारसा उणा नसतो. उणीव असते ती आधीच्या पायरीवर. पुढे येणाऱ्या सुखाची चाहूल त्यास लागत नाही. डेव्हिड गार्ड आणि क्रिंग यांनी २००७ साली सुखाची अपेक्षा व सुखाचा प्रत्यक्ष आस्वाद यांतील हा भेद स्पष्टपणे मांडला. म्हणजे जिभेची चव शाबूत आहे, पण ताटावर बसावेसे वाटत नाही. जो ताटावर बसतच नाही त्यास चव कळणार कशी? घरचे लोक म्हणतात, आळशी झाला. वैद्य म्हणतो, अग्नी मंद आहे. आणि रुग्ण स्वतःशी म्हणतो, करून काय उपयोग?

या शेवटच्या वाक्याचे सामर्थ्य ओळखले ते आरन बेक आणि पॉल ग्रँट यांनी. फिलाडेल्फिया येथे त्यांनी अत्यंत निष्क्रिय झालेल्या ६० रुग्णांवर केलेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. औषधे चालू ठेवून अठरा महिने संवादोपचार देण्यात आला. त्यात रुग्णाच्या पराभूत समजुती, म्हणजे ‘मला जमणार नाही’, ‘मजा येणार नाही’, ‘लोक हसतील’, या हलके हलके प्रत्यक्ष कृतीच्या कसोटीवर घासल्या गेल्या. केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत या रुग्णांचे दैनंदिन व्यवहार अधिक सुधारले आणि उदासीनता अधिक घटली. पुढे स्वित्झर्लंडमध्ये झेरोम फाव्रो यांनी सुखाची चाहूल घेण्याचे आणि आलेले सुख मनात घोळविण्याचे शिक्षण देणारा आठ बैठकांचा कार्यक्रम आखला. त्याचेही निष्कर्ष आशादायक आहेत.

आपल्याकडे यास सत्त्वावजय हे नाव तयार आहे, पण ते नाव उच्चारून थांबण्याची आपली सवय आहे. अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह ही सत्त्वावजयाची व्याख्या आपण सांगतो. प्रस्तुत रुग्णाचे मन विषयांकडे धावतच नाही, मग निग्रह कशाचा करावयाचा? येथे मनास विषयाशी जोडून द्यावे लागते. उन्मादचिकित्सेत हर्षण आणि सांत्वन सांगितले आहे. तेथेच तर्जन आणि त्रासनही सांगितले आहे, हे लपविण्यात अर्थ नाही. पहिली दोन घ्यावीत आणि दुसरी दोन आजच्या काळात निःसंकोच सोडून द्यावीत. आम्ही त्या मुलास सुनावले तेव्हा नकळत तर्जनच केले होते आणि त्याचे फळ पाहिले.

कराडहून परतल्यावर माता पुन्हा आमच्याकडे आली, हा तिचा मोठेपणा. या वेळी आम्ही प्रथम कराडच्या मनोविकारतज्ज्ञांना पत्र लिहिले आणि त्यांच्या गोळ्यांत आम्ही काहीही फेरफार करणार नाही असे कळविले. नंतर मुलाशी बोलण्यास आरंभ केला. दर गुरुवारी तो येई. वेळ वीस मिनिटे, त्यांतील दहा निःशब्द. ही शांतता सोसणे वैद्यास फार जड जाते. आपण लगेच उपदेश करू लागतो. आम्ही लहान, सरळ प्रश्न विचारीत असू आणि उत्तरास पुरेसा अवधी देत असू. पूर्वी काय आवडत असे, या प्रश्नास तिसऱ्या आठवड्यात उत्तर आले, “पखवाज.” आता वाजवशील का, असे विचारताच, “त्यात काय मजा न्हाई.”

येथे आम्ही वाद घातला नाही. एक वही दिली. कोणतीही गोष्ट करण्यापूर्वी तीत किती मजा येईल ते सोळा आण्यांपैकी आण्यांत लिहावयाचे आणि केल्यानंतर प्रत्यक्ष किती आली तेही लिहावयाचे. रुपयाचे आणे १९५७ साली गेले, पण ‘सोळा आणे खरे’ अजून या खोऱ्यात सर्वांना कळते. दहापैकी गुण द्या म्हटले की रुग्णास परीक्षा आठवते, असा आमचा अनुभव आहे. पहिले काम पखवाज वाजविण्याचे नव्हते. एकादशीला भजनापूर्वी पखवाजाच्या धुम्यावर लावावयाची कणीक मळून देणे, एवढेच. अपेक्षा लिहिली एक आणा. नंतर लिहिले पाच आणे. दुसऱ्या खेपेस अपेक्षा पुन्हा एकच आणा, आणि नंतर सहा. त्यास वही दाखवून आम्ही विचारले, “तुझा अंदाज दर वेळी कमी का पडतो?” तो प्रथमच आमच्याकडे पाहून किंचित हसला. निरोगी माणसास कालच्या भजनाची गोडी आठवते म्हणून तो आज पुन्हा जातो. या रुग्णांत ती आठवण टिकत नाही. वही तिच्या जागी उभी राहते. मानस दोषांच्या चिकित्सेत चरकाने धैर्यासह स्मृतीचा उल्लेख केला आहे, त्याचा व्यवहारातील अर्थ आम्हांस येथे उमगला.

शरीराची हालचाल ही दुसरी बाजू. रोज सकाळी चुलता त्यास एस. टी. च्या थांब्यापर्यंत चालवीत नेई. बोलण्याची सक्ती नाही, पाऊल मात्र बरोबरीने टाकावयाचे. दोन महिन्यांनी त्यास भजनात टाळ देऊन पावलीच्या रांगेत उभे केले. पावलीत एक सोय आहे. कोणी कोणाकडे पाहत नाही, बोलावे लागत नाही, आणि तरीही सर्वांचे पाय एका ठेक्यावर पडतात. ज्यास माणसांत बसणे जड जाते त्यास माणसांबरोबर नाचणे सोपे जाते, हे विचित्र वाटेल, पण आम्ही ते पाहिले आहे. शाळेतील लेझीमही याच जातीची.

कोणती हालचाल सर्वश्रेष्ठ, हा प्रश्न व्यवसायबंधू विचारतील. लंडन येथे फ्रँक रोरिख्ट आणि स्टेफान प्रीबे यांनी शरीराधारित मानसोपचाराचा एक लहान अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला. ४५ रुग्ण, दहा आठवड्यांत वीस बैठका, आणि ऋण लक्षणांत चांगली घट. सर्वत्र उत्साह पसरला. नंतर त्याच उपचाराची २७५ रुग्णांवर मोठी परीक्षा झाली. तुलनेसाठी दुसऱ्या गटास पिलाटेस हा साधा व्यायामप्रकार तेवढ्याच बैठकांत शिकविला गेला. २०१६ साली निष्कर्ष आला की दोहोंत अर्थपूर्ण फरक नाही. विशिष्ट तंत्राचा डौल येथे गळून पडतो. मात्र बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत ६१ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात योगोपचाराने साध्या व्यायामापेक्षा अधिक लाभ दिसला होता. दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवून पाहावेत. योग शिकवावा, पण ‘योगाने छिन्नमनस्कता बरी होते’ अशी पाटी चिकित्सालयाबाहेर लावू नये. रुग्णास जी हालचाल पूर्वी प्रिय होती, जी गावात चालू आहे आणि जिच्यात सोबत मिळते, तीच आधी निवडावी असे आमचे मत झाले आहे.

हे काम मोठ्या शहरांतच शक्य आहे असे नाही. आपल्या सातारा जिल्ह्यातच याचे प्रमाण आहे. साताऱ्याची परिवर्तन संस्था आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर यांचा सहभाग असलेला ‘कॉप्सी’ नावाचा अभ्यास तमिळनाडू, गोवा आणि सातारा येथे झाला. २००९ व २०१० या दोन वर्षांत २८२ रुग्ण त्यात घेतले गेले. शालेय शिक्षण झालेल्या स्थानिक कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन रुग्णांच्या घरी पाठविण्यात आले. औषधे नियमित घेणे, दिनचर्या, कुटुंबाशी संवाद आणि लहानसहान कामांकडे परतणे हा त्यांच्या भेटींचा विषय असे. २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार, केवळ रुग्णालयातील उपचार घेणाऱ्यांपेक्षा या रुग्णांची लक्षणे आणि अक्षमता वर्षाअखेरीस अधिक कमी झाली. हा लाभ माफक होता आणि तिन्ही ठिकाणी सारखा नव्हता. तमिळनाडूच्या ग्रामीण भागात तो सर्वांत ठळक दिसला. तरीही घरी जाऊन बोलणारा माणूस डॉक्टरच असावा लागत नाही, हे त्यातून दिसते. मग वैद्यास आणि त्याच्या मदतनिसास ते का जमू नये?

नातेवाइकांच्या धीरासाठी पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे. कॅलगरी येथे स्थायिक झालेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा २००४ सालचा चित्रपट अनेक वाचकांनी पाहिला असेल. घरच्यांना तो अवश्य दाखवावा. अतुल कुलकर्णी यांनी उभा केलेला रुग्ण पाहून आमच्या मातेच्या तोंडचा ‘धसका’ हा शब्द मागे पडला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप भोगलेल्या या खोऱ्यात प्रत्येक मनोविकारास धसका म्हणण्याची पद्धत आहे. करणी म्हणण्यापेक्षा ते बरे, पण त्याने औषध चुकते.

आता थोडे निदानाविषयी, कारण येथे घात होतो. रुग्ण निरुत्साही दिसतो तो प्रत्येक वेळी मूळ व्याधीमुळेच असे नाही. चेहरा मुखवट्यासारखा स्थिर, पावले आखूड, हात न हलविता चालणे, बोटांस कंप असे दिसल्यास तो गोळ्यांचा दुष्परिणाम असू शकतो. तज्ज्ञांना कळविले तर मात्रा वा औषध बदलता येते. आवाजांच्या भीतीने घरात बसलेला रुग्णही बाहेरून तसाच दिसतो. पांडू आणि थायरॉइडचा विकार तपासून घ्यावा. आणि रडणे, अपराधीपणा, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा आढळली तर तो दिवस औषधी काढ्याचा नव्हे. स्पष्ट विचारावे, रुग्णास एकटे सोडू नये, त्याच दिवशी तज्ज्ञांकडे न्यावे. शासनाची टेली-मानस ही १४४१६ क्रमांकाची विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. पावसाने घाट बंद असेल तेव्हा तीही उपयोगी पडते.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी एक गोष्ट विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते, ती सर्पगंधेविषयी. उन्मादावर सर्पगंधा ही आपल्या परंपरेची जगास देणगी, हे रास्त अभिमानाचे आहे. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली तिच्यावर शोधनिबंध लिहिला. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरील तिचे कार्य जगापुढे मांडले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले आणि १९५४ साली अमेरिकेत नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांवर वापरले. एवढे आपण व्याख्यानांत सांगतो. पुढचा भाग सांगत नाही. १९५७ च्या सुमारास स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिले, तेव्हा ते ससे निश्चल होऊन बसले. मेंदूत डोपामिन ज्यापासून बनते तो एल-डोपा हा पदार्थ दिल्यावर ते पुन्हा उठून हालचाल करू लागले. या संशोधनासाठी कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. जे द्रव्य मेंदूतील हे साठे रिकामे करते ते उद्रेकाच्या अवस्थेत शांत करील, पण ज्याची गोडी आधीच गेली आहे त्यास आणखी खोल ढकलील. रेसर्पिनने काहींना विषाद येतो, हेही पूर्वीपासून नोंदलेले आहे. सर्पगंधाघन वटीच्या प्रचलित पाठात खुरासानी ओवा आणि भांगही असते. छिन्नमनस्कतेच्या रुग्णास भांग म्हणजे आगीत तेल. तेव्हा ‘झोप येत नाही, डोके शांत राहत नाही’ एवढ्या तक्रारीवर, रुग्ण मनोविकाराच्या गोळ्या घेतो का हे न विचारता, ही वटी काउंटरवरून देऊ नये. या खोऱ्यात ती तशी दिली जाताना आम्ही पाहिली आहे.

विक्रेत्याच्या हाती आणखी एक गोष्ट आहे, जी वैद्याच्याही हाती नाही. दरमहा रिस्पेरिडोन वा ओलान्झापिन नेणारा माणूस या महिन्यात आला नाही, हे सर्वांत आधी त्यालाच कळते. एक निरोप पाठविला तर एक पुनरुद्रेक टळू शकतो. आमच्या रुग्णाच्या बाबतीत हा निरोप कोणीच पाठविला नाही, कारण ते कोणाचेच काम नव्हते. आता पाटणच्या एका दुकानदार मित्राने एक छोटी वही ठेवली आहे.

मुलाचे पुढे काय झाले ते सांगणे प्राप्त आहे. त्यास चौदा महिने झाले. गोळ्या चालू आहेत. मुंबईची नोकरी परत मिळाली नाही, मिळेल असेही दिसत नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस तो अजूनही दुपारपर्यंत अंथरुणात असतो आणि स्नानासाठी आईस मागे लागावे लागते. टोमणे मारणे तिने जवळजवळ सोडले आहे. पखवाजाचे बोल हळूहळू परतले, द्रुत लयीत हात अजून अडखळतो. कार्तिकी एकादशीच्या पुढच्या गुरुवारी त्याने वही आणली. अपेक्षेच्या रकान्यात सात आणे लिहिले होते. नंतरचा रकाना कोरा होता. विचारल्यावर म्हणाला, “लिवायचं ऱ्हायलं. भजन संपाय पहाट झाली.”